शालिकरामची ऑटोमॅटिक बोट

"ज्यानं दुधाचे दात पडाच्या आधी हातात बांबू धरला, त्याले बोट शिकवता? मले? ह्या शालिकरामले?"

हे वाक्य शालिकराम भानारकरनं घाटावर म्हटलं, पानठेल्यावर म्हटलं, रेशनच्या रांगेत म्हटलं, आणि ऐकायला कोणी उरलं नाही तेव्हा घरी येऊन बकरीला म्हटलं. त्याची बायको गोकुळा चुलीपाशी बसून ऐकत होती. बकरीनं निदान कान तरी हलवले. गोकुळानं तेवढंही केलं नाही.

तसं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं हो! बेलघाट हे गाव वैनगंगेच्या पल्याडच्या काठावर. शालिकरामचा आजा डोंगा चालवायचा, बाप डोंगा चालवायचा, आणि शालिकराम तर रांगण्याऐवजी वल्हवायलाच शिकला असावा. बाळंतिणी, परीक्षेची पोरं, लग्नाची वाजंत्री, सगळी त्याच्या डोंग्यातून पार झाली. एकदा एक म्हैस आणि तिचा विमा काढायला आलेला साहेब एकाच खेपेला नेले. साहेब घाबरला, म्हैस नाही.

पण डोंगा वेगळा आणि मोटरबोट वेगळी, हे त्याला कोण सांगणार?

आता मोटरबोट कशाला, असं तुम्ही विचाराल. तर त्याचं कारण रोशनी. ही शालिकराम-गोकुळाची एकुलती एक पोरगी. ब्रह्मपुरीला एका दवाखान्यात नर्स. त्याच दवाखान्यात रक्त तपासणारा अतुल पचारे हा पोरगा. सुया दोघांच्या हातात, आणि टोचलं दोघांनाही एकदमच! पोरगा भद्रावतीच्या कॉलनीत वाढलेला, गुणाचा, आपल्याच समाजातला. त्याचे वडील पचारेसाहेब फोनवर म्हणाले, "आपला होकार आहे. पण खरा होकार हिचा. मी फक्त गाडीचा ड्रायव्हर."

आणि ही, म्हणजे अतुलची आई निशाबाई, पाण्याला भीत होती. बादलीत पाणी जास्त भरलं तरी दोन पावलं मागं सरकणारी बाई! मागच्या महिन्यात घर पाहायला म्हणून ती अल्याडच्या काठापर्यंत आली, शालिकरामचा डोंगा पाहिला, आणि गाडीतून उतरलीच नाही.

"ह्या काठवटीत मी बसू? मला काही पीठ मळायचं नाही!"

आणि गाडी परत गेली.

"पोरगी चांगली आहे," निशाबाईनं नंतर निरोप पाठवला, "पण घरदार पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. अन् त्या लाकडात बसणार नाही."

"गाडीनं येऊ द्या नं बाबा," रोशनी म्हणाली. "आरमोरीच्या पुलावरून फेरा पडते थोडा. पडू द्या."

"रस्त्यानं? इवाई रस्त्यानं येतीन, अन् मी का घाटावर उभा राहून टाटा करू?"

शालिकरामचा जीव इथेच अडकला होता. भानारकरांच्या घरात पोरीच्या सासरची माणसं पहिल्यांदा येतात ती पोरीच्या बापाच्या नावेतून. बापानं स्वतः आणायचं, काठाला पोहोचताच स्वतः पाण्यात उतरायचं, नाव हातानं घट्ट धरायची आणि व्याह्यांचे पाय कोरडे ठेवून त्यांना काठावर उतरवायचं. त्याच्या आत्याच्या वेळी असंच झालं, बहिणीच्या वेळी असंच झालं. आता स्वतःच्या पोरीच्या वेळी व्याही डांबरी रस्त्यानं येणार?

म्हणून बोट आली. नागपूरकडच्या कुठल्याशा तलावावर सहलीच्या लोकांना हिंडवून दमलेली, निळ्या रंगाची, फायबरची. मागं इंजिन, इंजिनाला दांडा, दांड्याला फिरवायची मूठ. सोबत चार नारिंगी जाकिटं आणि भूपेश नावाचा मेकॅनिक.

भूपेशनं बिचाऱ्यानं मनापासून शिकवलं.

"भाऊ, पयली गोष्ट. बोटीले ब्रेक नसते."

"डोंग्याले कुठी असते?"

"दुसरी. हा दांडा डावीकडे ढकलला तं बोट उजवीकडे जाते."

"माही बायको बी तशीच हाय. पुढं सांग."

गोकुळा मागं चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं शालिकरामचा कप सर्वांत शेवटी दिला, थंड करून.

"तिसरी. ही लाल दोरी. एक टोक इंजिनात, दुसरं तुमच्या मनगटाले. तुम्ही पाण्यात गेले का दोरी निंगते अन् इंजिन आपोआप बंद पडते."

"मी का बोकड हावो, दोरीनं बांधाले? अन् मी पाण्यात पडीन? मी?"

"बरं. चवथी, अन् सगळ्यात मोठी. काठ आला का आधी न्यूट्रल, मंग इंजिन बंद, मंग उतराचं. चालू इंजिनावरून उतराचं नाई, भाऊ."

"चालू गाडीवरून कोन उतरते बे?"

भूपेशनं एकदा शालिकरामकडे पाहिलं, एकदा नदीकडे पाहिलं आणि मग गोकुळाकडे पाहिलं. "काकू, हे तुम्ही ध्यानात ठेवा."

गोकुळानं ठेवलं.

भूपेश गेला आणि गावाचा सल्ला सुरू झाला. गावात मोटरबोट कोणी पाहिली नव्हती, म्हणून सल्ला द्यायची पात्रता सगळ्यांच्याच अंगी आली होती. दसरूनं उभ्या हयातीत ट्रॅक्टर चालवलेला. तो म्हणाला, "आधी क्लच दाब." बोटीला क्लच नसतो हे कळल्यावर तो इतका दुःखी झाला की शालिकरामलाच त्याची समजूत काढावी लागली. शालिकरामच्या आत्यानं, बुधरीआत्यानं, सल्ला दिला नाही. तिनं सरळ काम केलं. नव्या वस्तूला दृष्ट लागू नये म्हणून इंजिनाला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, लिंबू-मिरच्या बांधल्या, काळी बाहुली टांगली. एवढं सगळं बांधायला दोरी कमी पडली, तेव्हा तिला ती लाल दोरी दिसली.

"लाल हाय, बरी हाय!" म्हणून आत्यानं ती इंजिनाच्याच गळ्यात गुंडाळून पक्की गाठ मारली. आता इंजिनाचं तोंड, बटणं, खटके काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव बरा!

मग सराव. पहिल्या दिवशी शालिकराम बोटीत बसला, इंजिनाची दोरी खेचली, मूठ पिळली. इंजिन असं गरजलं की घाटावरची कुत्री दोन पायांवर उभी राहिली. पाण्याला फेस आला. बोट मात्र जागची हलेना!

"ताकद नाई इच्यात," दसरू म्हणाला.

"दावं सोडलं नाई इचं," गोकुळा म्हणाली.

दावं सोडायच्या आधीच खुंटा उपटला, आणि बोट खुंट्यासकट, खुंट्यावर वाळत घातलेल्या दसरूच्या जाळ्यासकट नदीत गेली. दुसऱ्या दिवशी ती मागं मागं गेली. तिसऱ्या दिवशी एका रांगेत बसलेल्या बगळ्यांमधून गेली. बगळे अजून त्या काठावर बसत नाहीत म्हणतात.

पण खोटं कशाला बोला? माणूस नदीचा होता. आठ-दहा दिवसांत बोट त्याच्या हाताला वळू लागली. सरळ जायची, डौलात वळायची. अडचण एकच. काठ जवळ आला की शालिकरामच्या डोक्याला काही विचारायच्या आधीच त्याचे पाय कामाला लागायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, एक पाय कडेवर, आणि उडी! डोंग्यात जन्मभर हेच केलेलं. डोंगा बिचारा उडी मारली की थांबतो. त्याला जायला तरी कुठं जायचं असतं?

म्हणून रोज काठ जवळ आला की गोकुळा घाटावरून ओरडायची, "अजी, बंद कराऽऽ!"

आणि तो हात मागं टाकून, झेंडूच्या माळेत बोटं खुपसून, आतला खटका शोधून इंजिन बंद करायचा. रोज. न चुकता. थोडक्यात सांगायचं, तर त्या बोटीचा खटका इंजिनावर नव्हता. तो गोकुळाच्या घशात होता.

आणि साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी नेमका हाच खटका बुधरीआत्यानं काढून घेतला.

"आज इहीन येते," आत्या गोकुळाला म्हणाली. "पदर डोक्यावर, नजर खाली, आवाज पोटात. पोरीच्या मायनं इहीनीसमोर नवऱ्यावर आवाज चढवला तं का म्हनतीन? म्हनतीन, मायच अशी तं पोरगी कशी!"

गोकुळानं मान डोलावली. तिला काळजी आवाजाची नव्हती, निशाबाईची होती. साक्षगंधाचा मांडव पडला होता, स्वयंपाक चढला होता, रोशनी हिरव्या साडीत बसली होती. आणि अजून त्या बाईनं हो म्हटलं नव्हतं! घर पाहीन, माणसं पाहीन, मग सांगीन, एवढंच. सकाळी रोशनी आईच्या गळ्यात पडून म्हणाली होती, "आई, त्याच्या आईनं नाई मनलं तं तो मोडणार नाई तिचा शब्द. मले मायीत हाय." तेव्हापासून गोकुळा देवापुढं तीनदा जाऊन आली होती.

अल्याडच्या काठाला पाहुण्यांची गाडी लागली. पचारेसाहेब उतरले. हा माणूस जन्मभर कारखान्यातल्या मशिनींच्या धडधडाटात राहिला आणि अर्धे कान तिथेच सोडून रिटायर झाला. हातात नवा मोबाइल, त्यावर सगळ्याचा व्हिडिओ. मागून अतुल, नव्या शेरवानीत, हातात मिठाईची टोपली. आणि मग निशाबाई. जांभळी रेशमी साडी, त्यावर नारिंगी जाकीट, तोंडात कसलंसं स्तोत्र.

"या, या! बसा! भेवाचं काई नाई," शालिकराम म्हणाला. त्यानं नवी पँट, नवा सदरा, डोक्याला टोपी घातली होती. जाकीट मात्र नाही. मनगटाला दोरीही नाही. ती इंजिनाच्या गळ्यात होती ना!

विहिणीला आणायला गोकुळाही सोबत आली होती. निशाबाई बोटीत बसली आणि तिनं गोकुळाचं मनगट जे धरलं, ते असं की बांगड्या आतल्या आत वाकल्या.

बोट निघाली. आणि काय सांगू, काय सुरेख निघाली! पाणी आरशासारखं, वारा गार, मागं दुधासारखी रेघ. खाली बंधारा झाल्यापासून उन्हाळ्यातही इथं पाणी भरलेलं असायचं. मधोमध रेतीच्या बेटावर दसरूची डांगरांची, म्हणजे खरबुजांची, वाडी हिरवीगार दिसत होती. पचारेसाहेब पुढच्या टोकाला बसून व्हिडिओ काढत होते. अर्धी नदी ओलांडली तेव्हा निशाबाईनं एक डोळा उघडला. मग दुसरा.

"बरी चालते हो," ती म्हणाली. "मी उगाच भीत होते."

गोकुळाला वाटलं, आता इथंच पाणी हातात घेऊन हिच्याकडून हो म्हणवून घ्यावं. पण आवाज पोटात होता.

घाट जवळ आला. अख्खं गाव काठावर. लच्छूचा डीजे टेम्पोवर दणदणत होता. बायका परडीत फुलं घेऊन उभ्या. बुधरीआत्या सर्वांत पुढे. आणि गोकुळानं मागं पाहिलं.

शालिकराम पँट दुमडत होता.

गोकुळाचं तोंड आपोआप उघडलं. पण समोर आत्या, शेजारी इहीन, मनगटावर इहीनीचा हात. "अजी..." ती म्हणाली. डास तिच्यापेक्षा मोठ्यानं बोलतो.

शालिकरामनं एक पाय कडेवर ठेवला, व्याह्यांकडे पाहून हसला, आणि मोठ्या मानानं कंबरभर पाण्यात उतरला.

बोट थांबली नाही.

त्यानं कड धरली. मोकळा दांडा एका बाजूला कलला, बोट वळली आणि तिनं त्याला ओढलं. तो चार पावलं धावला, पाचव्या पावलाला गळ्याइतकं पाणी आलं, आणि हात सुटला. टोपी तेवढी बोटीच्या मागं पोहत गेली. बोटीनं आपलं छान वळण पुरं केलं आणि व्याही, विहीण, नवरदेव आणि गोकुळा यांना घेऊन ती परत नदीत निघाली.

मग बोट गोल वळून पुन्हा काठाजवळून गेली, आणि लच्छूला वाटलं, आहाहा! पाहुण्यांची मिरवणूक! त्यानं आवाज वाढवला. बायकांनी फुलं उधळली. गावानं टाळ्या वाजवल्या. एकटा शालिकराम पाण्यात उभा राहून हातवारे करत होता, तर पोट्ट्यांना वाटलं तो नाचतो आहे. तीही नाचू लागली.

"अरे वा!" पचारेसाहेब मागं वळून ओरडले. "ऑटोमॅटिक आहे का?"

आता गोकुळानं काय करावं? मनगटाला विहीण, विहिणीच्या ओठावर पोरीचं नशीब! ती म्हणाली, "हो."

"अन् हे गोल गोल काय?" निशाबाईनं विचारलं. आवाज बारीक होत चालला होता.

"फेरे," गोकुळा म्हणाली. कुठून आलं तोंडात देव जाणे. "वैनगंगा मायचे पाच फेरे. इवाई पयल्यांदा येते नं, तवा घालते आमच्यात."

"आणि भाऊ पाण्यात का उतरले?"

"त्याइचा नवस हाय."

निशाबाईनं भक्तिभावानं एक हात जोडला. दुसरा गोकुळाच्या मनगटावर होता. दर फेऱ्याला बोट काठाजवळ आली की फुलं पडायची, निशाबाई नदीला नमस्कार करायची, आणि नवसाचा शालिकराम चालती एसटी पकडावी तसा बोटीवर झेप टाकायचा आणि तोंडावर पाण्यात पडायचा. तिसऱ्या फेऱ्यानंतर तो काठाकडे पळाला. जुना डोंगा सोडला आणि बांबू टेकत बोटीच्या मागं लागला. गोल फिरणाऱ्या बोटीच्या मागं डोंगा, म्हणजे शेपटीमागं कुत्रं. तो इकडं आला की बोट तिकडं.

"इहीनबाई," निशाबाई म्हणाली.

"जी?"

"तुम्ही पाच म्हणाल्या होत्या."

"जी."

"हा सातवा आहे."

गोकुळानं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला.

"एक खरं सांगा. तुम्हाला ही थांबवता येते का?"

गोकुळानं डोळे मिटले. "नाई."

निशाबाईनं एकदा इंजिनाकडं पाहिलं, एकदा पाण्याकडं. आणि मग कॉलनीत इतक्या वर्षांत कमावलेली तिची सगळी भाषा एकदमच पाण्यात पडली.

"अवं माय वं! मंग आपून मरून राह्यलो का?"

अतुल ताडकन उठला. "आई, मी पाहतो..." बोट एकीकडं झुकली. "खाली बस!" दोघी आया एकाच वेळी ओरडल्या, आणि तो जिथं होता तिथंच बसला, मिठाईच्या टोपलीवर.

आता गोकुळाच उठली. पदर कमरेला खोचला, मागं सरकली, झेंडूच्या माळेत हात घातला. लिंबू हाती आलं. मिरची आली. काळी बाहुली आली. खटका काही येईना! मग तिनं मूठ धरली आणि अंदाजानं पिळली.

उलट्या बाजूला.

बोटीनं नाक वर केलं. आतापर्यंत ती टांग्याच्या चालीनं फिरत होती, आता उधळली. दांडा सरळ झाल्यानं फेरे संपले, आणि बोट तीरासारखी मधल्या बेटाकडे सुटली. काठावर लच्छूनं लगोलग जलद गाणं लावलं.

आणि इथं गोकुळाच्या पोटातला आवाज बाहेर आला. डोक्यावरून पदर तर कधीच गेला होता. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं बाईनं, घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही लाजून. तिनं ते आता घेतलं.

"अगा ए शालक्याऽऽ! बह्याडबेल्या! चालू इंजिनावरून उतरला नं बे! तुह्या बांबूले वाळवी लागो! कुठी दाबू सांग, नाई तं घरी ये तू, तुह्यावालं इंजिन बंद करतो मीऽऽ!"

नदीचे दोन्ही काठ दणाणले. डोंग्यातला शालिकराम बांबू धरून जागच्या जागी लाकूड झाला. आत्यानं काठावर डोक्याला हात लावला. आणि गोकुळाचा श्वास संपतो न संपतो तोच शेजारून दुसरा आवाज निघाला, तिच्याही वरचढ.

"अवो भाऊऽऽ! थ्या नवसाचा मुडदा बशिवला तुमच्या! आमाले काठाले लावा आधीऽऽ! कान फुटले का सगळ्याइचे?"

निशाबाई!

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, श्वास घेतला, आणि पुन्हा दोघीही एकदम ओरडल्या. पचारेसाहेब पुढं बसून बेटाचा व्हिडिओ काढत होते. "छान! आता थेट बेटावर नेते वाटतं," ते म्हणाले.

नेलंच. बोट रेतीवर चढली, डांगराचे चार वेल तुडवत पुढं घसरली, पंखा रेतीत रुतला, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. निशाबाई अलगद, जाकिटासकट, दसरूच्या वाडीत जाऊन बसली. मांडीवर डांगर.

कोणाला खरचटलंही नाही. फक्त टोपलीतल्या मिठाईचं शेरवानीला पोटिस झालं होतं.

गोकुळा रेतीत गुडघ्यांवर बसली. आता डोळ्यांत पाणी आलं. सगळं संपलं होतं. मांडव, स्वयंपाक, हिरवी साडी. बोलायला गेली तर घसा पार बसलेला. आवाज म्हणून नुसता वारा निघत होता.

"फेरे-बिरे काई नसते, इहीनबाई," ती त्या वाऱ्यानं म्हणाली. "खोटी बोल्ली मी. तुमी नाई मनान म्हनून भेव वाटलं. पन पोट्टीवर राग नका धरू. बोट तिच्या बापाची हाय. तिची नाई."

निशाबाईनं मांडीवरचं फुटलेलं डांगर उचललं. हातानं दोन फोडी केल्या. एक गोकुळापुढं धरली.

"मले तिसऱ्याच फेऱ्यात समजलं होतं," ती म्हणाली.

"मंग बोल्ल्या काऊन नाई?"

"तुमी एवढ्या जिवावर येऊन सांगून राह्यल्या होत्या. मोडवेना मले." तिनं डांगराचा चावा घेतला. मग ती म्हणाली, "एक विचारू? रोशनी बी अशीच ओरडते का?"

गोकुळानं काय सांगावं? पण आजच्या पुरतं खोटं बोलून झालं होतं. "हो. माह्याहून जास्त."

"मंग माझ्याकडून हो."

गोकुळाला वाटलं पाणी कानात गेलं आपल्या.

"अवं, तो पाहा," निशाबाईनं बोट दाखवलं. पचारेसाहेब वाडीत फिरून डांगरांचे फोटो काढत होते. "त्याइले ऐकू येत नाई. अन् पोराचे कान मोबाइलमधी. घरात मी एकटीच ओरडून राह्यली जन्मभर. घसा फाटून जाते वं, इहीनबाई! जोडीले कोनी पायजे होतं मले. मी आपली समजत होती, नदीवरची शांत, गरीब माणसं हाय. पोरगी बी तोंड उघडत नाई माझ्यासमोर. मले तेच भेव होतं, पाण्याहून जास्त!"

तेवढ्यात डोंगा बेटाला लागला. शालिकराम ओलाचिंब, टोपी नाही, तोंड पाहवत नाही. मागून दुसऱ्या नावेतून दसरू, "माही वाडी! माही वाडी!" करत. फुटलेली डांगरं पाहून त्यानं कपाळाला हात लावला, आणि सगळे खात आहेत असं दिसल्यावर स्वतःही एक फोड घेऊन बसला. शालिकराम हात जोडून उभा राहिला. निशाबाई उठली, रेती झटकली आणि सरळ डोंग्यात जाऊन बसली.

शालिकरामनं तिला काठाला नेलं. पाण्यात उतरला, नाव धरली, आणि विहिणीचे पाय कोरडे ठेवून तिला उतरवलं. डोंग्यातून गोकुळा पाहत होती. तिला एकदम त्याची माया आली. घरी नेऊन इंजिन बंद करायचा बेत तिनं तिथंच सोडून दिला.

साक्षगंध झकास झालं. अंगठ्या झाल्या, ओटी भरली. रोशनी रडता रडता हसली. गोकुळा मात्र एक शब्द बोलू शकत नव्हती. कोणी काही विचारलं की मान डोलवायची. पदर डोक्यावर, नजर खाली. आत्या खूश!

जेवणं आटोपत आली तेव्हा पचारेसाहेब माइक घेऊन उभे राहिले.

"बोटीची व्यवस्था उत्तम होती," ते म्हणाले. "सात फेरे, मग बेटावर फळाहार. असं स्वागत आमच्या भद्रावतीला कोणी पाहिलं नसेल. आणि आमच्या विहीणबाई! किती शांत! अख्ख्या वाटेत मी त्यांचा आवाज ऐकला नाही. मुलीवर संस्कार असे होतात, मंडळी."

मांडवातले सगळे आपापल्या पत्रावळीत काहीतरी शोधू लागले.

"तुम्ही काठावर होतात, तुम्हाला दिसलं नसेल," साहेब पुढं म्हणाले. "मी सगळा व्हिडिओ काढला आहे. लच्छूभाऊ, हा मोबाइल तुमच्या डीजेला जोडा बरं. सगळ्यांना ऐकू द्या."

गोकुळानं हात वर केला. नको नको म्हणायला तोंड उघडलं. नुसता वारा निघाला. तिनं शालिकरामकडे पाहिलं; शालिकराम मांडवाचा खांब धरून उभा होता. लच्छूनं वायर जोडली, आणि गोकुळाच्या घशातून दुपारी निघून गेलेला आवाज चार भोंग्यांतून एकदम परत आला.

"अगा ए शालक्याऽऽ!"

मांडवाच्या कनाती हलल्या. गोकुळानं पदर डोक्यावरून नाकापर्यंत, नाकावरून हनुवटीपर्यंत ओढला. तेवढ्यात शेजारून कोणीतरी तिचं मनगट धरलं. तीच पकड, तेच वाकलेल्या बांगड्यांचं मनगट. निशाबाईनंही आपला पदर तोंडावर ओढून घेतला होता.

"तशाच बसा इहीनबाई," ती पदराआडून पुटपुटली. "मागून माझा येते."